वगळलेल्या दोन नोंदी

"चार सेकंद," थेरपिस्ट अनिका म्हणाली आणि तिने उल्हासरावांना खांद्याशी धरून सावरलं.

उल्हासरावांनी डोळे उघडले ते संतापानेच. "गादीवर उभं करून तोल मोजतात का कोणी? मोजमापाचा पाया पक्का असावा लागतो. एवढंही शिकवत नाहीत इथे?"

"ओके काका, फोम काढते. फ्लोअरवर करू."

फरशीवर पाच सेकंद झाले.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमधली ही तिसरी खेप. गणपतीत, मंडळाच्या हॉलमध्ये, आरतीच्या शेवटी हात जोडून, डोळे मिटून स्वतःभोवती फिरताना ते आरतीचं तबक धरलेल्या दिगंबररावांवर कोसळले होते. त्यांच्या मते दोष हॉलच्या गालिच्याचा. पण परीक्षितने, त्यांच्या मुलाने, त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून घेतली. "बाबा, पायाला जमीन कळत नसेल तर ब्रेक कसा कळणार? थेरपिस्ट फॉर्मवर साइन करेल, मग ड्राइव्ह करा." बत्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात मापयंत्रं तपासलेल्या माणसाने आता पोराकडे किल्ली मागायची!

उल्हासरावांनी पिशवीतून आलेखाची वही काढली. "हे बघ. रोज सकाळी देवापुढे, हात जोडून, डोळे मिटून, टायमर वाजेपर्यंत. तीस सेकंद. एकोणतीस दिवस, एकोणतीस नोंदी. तुमचं यंत्र बिघडलंय."

"काका, यंत्र कुठलं? हे स्टॉपवॉच आहे."

"मग तेच बिघडलंय."

अनिकाचं बोट पानावरून सरकत दोन ओळींपाशी थांबलं. "अँड दीज टू? यांच्यावर लाल रेघ का?"

"चुकीची मोजणी. तीन सेकंद आणि चार सेकंद! विसंगत नोंद वगळायची असते, हा आमच्या पॉलिटेक्निकमधला पहिला धडा."

"दोन्ही शनिवार दिसतायत," खुर्चीतून नीलांबरी म्हणाली. "अहो, तेव्हा मी सकाळीच शुभाकडे गेले होते."

"त्याचा इथे काय संबंध?" उल्हासराव आपल्या बायकोवर वैतागले. "उलट त्या दिवशी मोकळेपणाने उभं राहता आलं. एरवी ही कोपराला बोट लावून खेटून उभी! शंभरदा सांगितलं, देवापुढे तरी चिकटू नकोस."

अनिकाने वही मिटली. "काकू, रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा ना."

"आता हे आणखी एक," उल्हासराव पुटपुटले, पण त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. नीलांबरीने त्यांच्या कोपराला बोट लावलं. धरलं नाही, नुसतं टेकवलं. दहा सेकंद झाले. वीस झाले. तीस झाले. उल्हासराव खांबासारखे उभे.

"पाहिलंत?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

अनिकाने खूण केली. नीलांबरीने बोट उचललं. चौथ्या सेकंदाला अनिकाने त्यांना झेललं.

"ब्रेन तीन ठिकाणच्या बातम्या जुळवतो, काका," ती हळू म्हणाली. "डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे तळवे. डायबेटिसने तळव्यांची बातमी बंद केली, डोळे तुम्ही मिटलेत. एकटा कान पुरला नाही. मग त्याने काकूंच्या बोटावरून हिशोब जुळवला."

उल्हासरावांनी बायकोकडे पाहिलं. "तुला हे माहीत होतं?"

"ब्रेनचं काय ते मला नाही माहीत. दोन वर्षं झाली, डोळे मिटलेत की डुलायचात. बोट लावलं की थांबायचात. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

उल्हासराव खुर्चीत बसले. समोरच्या टेबलावर सहीविना पडलेला फॉर्म त्यांनी स्वतःच उलटा करून ठेवला. मग वही उघडली, पट्टी लावली आणि तीस सेकंदांच्या एकोणतीस नोंदींवर एकामागून एक लाल रेघा ओढल्या. शेवटी, वगळलेल्या त्या दोन नोंदींसमोर त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: ग्राह्य.