एकच डाव

"हारली तं काय करशीन?" पत्ते पिसता पिसता हिंमतरावांनी विचारलं.

"घर सोडीन," रुख्मिणी म्हणाली. "आन् जितली तं माह्या मालकाच्या हिश्श्याचं वावर माह्या नावावर."

सोनाळ्याच्या पारावर भर दुपारी जमलेली माणसं पुढे सरकली. विधवा भावजय थोरल्या दिरासमोर पत्ते घेऊन बसली, हेच मुळात आक्रीत. त्यात ही पैज!

हिंमतराव हसले. ते हसू रुख्मिणीच्या ओळखीचं होतं. महाराष्ट्र झाला त्याच साली तिनं बुलढाण्याला मास्तरणीचं शिकायला जाऊ द्या म्हटलं, तेव्हाही ते असेच हसले होते. "या घरची सून येशीबाहेर जात नसते." मग तिनं विचारणंच सोडलं.

पोकर गावात आणला तिच्या भावानं. मोतीराम पलटणीच्या मेसमध्ये शिकून आला. त्यानं आधी हिंमतरावांना शिकवलं, मग हट्टानं मागे लागलेल्या बहिणीला.

"पाच पत्ते. नको असतीन ते एकडाव बदलायचे. मंग चिंचोके लावायचे. सारखे पत्ते ज्याचे जास्त, त्याचा डाव. दम नसन, तं पत्ते उलटे ठेवून मोकळं व्हायचं. पण रुख्मे, पत्ते तं सारेच पाह्यतात. तू मानूस पाह्य."

रुख्मिणीनं दोन पत्ते बदलले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

हिंमतरावांनी सगळे चिंचोके पुढे लोटले. वरच्या ओठावर घाम होता, बोटं मिशीशी चाळा करत होती. रुख्मिणी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली.

मग तिनं पत्ते उलटे ठेवले.

"सोडले."

"हारली!" हिंमतरावांनी आपले दोन गुलाम पारावर आपटले. "आजच्या आज घर सोडायचं!"

"हिंमता, इचार कर," म्हातारे उकंडराव म्हणाले. "घरची लक्ष्मी हाय."

"इचार झाला! चार लोकायसमोर बोलली ना ते? मंग जाय म्हना. कोनी तिले अडवलं तं माह्याशी गाठ हाय!"

रुख्मिणी उठली. पदर सावरला आणि मान ताठ ठेवून चालू लागली.

मोतीरामनं तिला वाटेत गाठलं. हातात तिचे पाच पत्ते.

"येडी झाली काय वं? चार राण्या होत्या तुह्याजवळ!"

"हो," रुख्मिणी म्हणाली. "दादा, बुलढान्याची एस्टी कवा हाय?"