मागून आलेली झील

जव्हारच्या घाटात बैलगाडी उलटली आणि कीर्तनकार फागूबुवांचं डोकं दगडावर आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा मराठी तोंडातून पार गेली होती. उरली ती डोंगरातली घरची बोली. साखरशेतच्या मंडळींनी रामनवमीच्या कीर्तनाला दुसरे बुवा आणायचं ठरवलं.

"हेच उभं ऱ्हातील," त्यांची बायको चैती म्हणाली. "रामाला काय आमची बोली कळत न्हाई?"

नवमीच्या दुपारी बुवांनी घरच्या बोलीतच रामजन्म सांगायला घेतला. लोक फिदीफिदी हसले. मागे उभा राहून ओळ झेलणारा गोमा झीलकरी म्हणाला, "ह्या बोलीची झील मी कशी धरू, बुवा?" आणि समोर येऊन लोकांत बसला.

तरीही मागून झील आली. खणखणीत मराठीत, बुवांच्याच जुन्या गळ्यानं.

"बुवांची मराठी आली रं!" मंडळी डोळे मिटून आनंदानं डोलू लागली.

पण चैतीला दिसत होतं. झील चालली होती आणि बुवांचे ओठ मिटलेले होते. बुवा स्वतःही मान वळवून मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते.

रामाचा पाळणा झाला. चैतीनं बुवांचे टाळ पदरात बांधले, भिंतीसमोर जाऊन हात जोडले.

"घाटातच ऱ्हायला व्हता तुमी. तुमाला तिथून आणायचंच व्हतं मला. चला घरी."

घरी तिनं बुवांना पान मांडलं, वरीचा भात वाढला. बुवांनी पहिला घास तोंडात घातला.

तेवढ्यात दारातून त्याच जुन्या गळ्यानं, स्वच्छ मराठीत आवाज आला, "चैते, माझ्या पानावर हा कोण बसलाय गं?"