नमुन्याबरहुकूम सही

हयातीच्या दाखल्यावर भालचंद्र टेंब्यांनी वळणदार सही केली. पेन्शनच्या खिडकीवरच्या बाईंनी ती ताडून पाहिली आणि कागद परत सरकवला.

"काका, जुळत नाही. नमुन्यातली सही थरथरती आहे."

"कंपवात होता. डोक्यावरच्या या प्रकाश सोडणाऱ्या टोपीनं गेला."

"सही तशीच लागेल."

कंप परत यावा म्हणून टोपी काढून ते अर्धा तास बाकावर बसले. हात ढिम्म हलेना. मुद्दाम हलवून केलेली सहीही जुळली नाही.

मग सोबत आलेल्या कुमुदबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. अकरा वर्षं घास भरवताना, बटणं लावताना पाठ झालेला कंप त्यांनी त्या हातात उतरवला.

"जुळली," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

आपण हयात ठरलो, याचं भालचंद्रांना काहीच वाटलं नाही.

"इतका थरथरायचो मी?"

मनगट सोडत कुमुदबाई म्हणाल्या, "थोडं कमीच केलं."