भरलेला हंडा

चंद्राबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा नरेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टँकर बंद झाल्यापासून वाडीतल्या बाया ओढ्यातल्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणत होत्या, आणि टँकर बंद झाला होता तो त्याच्याच लेखापायी.

तसं लेखात काही खोटं नव्हतं. कर्जतच्या एका साप्ताहिकात नरेश सरकारी योजनांवर लिहायचा, चार माणसांना कळेल असं. पळसदरीच्या वरच्या अंगाच्या या वाडीत घरोघर नळ आले, पाणी काही आलं नाही, असं त्याने लिहिलं. 'धरण उशाला, कोरड घशाला' असा मथळा दिला. घात केला तो फोटोने.

फोटोसाठी नळाखाली हंडा धरायला सांगितला, तर चंद्राबाई आत जाऊन तो टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरून घेऊन आली.

"सवाष्णीनं रिकामा हंडा घेऊन फोटूत उभं ऱ्हायचं? अपशकुन असतो रं!"

नरेश हसला आणि त्याने फोटो काढला. लोक लेख वाचतात, अशी बिचाऱ्याची समजूत. टँकर मंजूर करणाऱ्या साहेबांनी फोटो तेवढा पाहिला.

"नळ आहे, हंडा भरलाय. मग टँकर कुणाला हवा?"

नरेशने घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. साहेबांनी फोटोवरचं बोट काही उचललं नाही.

"मावशी, परत फोटो काढू," तो आता खाली मान घालून म्हणाला. "या वेळी हंडा रिकामा धरा."

तोही छापून येईल. पण तो बघून टँकर येईल, असं आता त्याचं त्यालाच वाटत नव्हतं.

चंद्राबाईने दारातून आत पाहिलं. तिची सून रूपा पायाला प्लास्टर घालून भिंतीकडे तोंड करून पडली होती. परवा झऱ्याच्या वाटेवर ती भरल्या हंड्यासकट घसरली होती.

पोचे पडलेला तो हंडा ओट्यावरच होता. त्यातलं तळाचं पाणी मघाशी नरेशच्या तांब्यात गेलं होतं. चंद्राबाईने तो उचलला आणि कोरड्या नळाखाली धरला. तोटीवर उद्घाटनाचं हळदकुंकू अजून चिकटून होतं.

"काढ रं फोटू," ती म्हणाली. "आता आनखी कंचा अपशकुन व्हायचा ऱ्हायलाय?"