गठाण पडली रे!

कामगार-सुरक्षेच्या नव्या कायद्याचे इन्स्पेक्टर साहेब हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात आले, तेव्हा मॅनेजर बंडोपंतांनी सगळे जखमी हमाल रुईच्या गठाणींआड दडवून ठेवले होते. झिबल मुकादमालाही दम भरला होता, "जखमेचा शब्द काढलास तर घरी बसवीन."

"आमच्या माल चढवायच्या धक्क्यावर कोणाला साधं खरचटतसुद्धा नाही," बंडोपंत साहेबांना सांगत होते.

"हो जी," म्हणत झिबल शहाण्यासारखी मान डोलवत होता. मग त्याला काय लहर आली कोण जाणे, तोंडाशी हात नेऊन त्यानं हाळी दिली, "गठाण पडली रे!"

धक्क्यावरचा रिवाजच होता, की ही हाळी ऐकली की असेल तसं धावायचं, कारण गठाणीखाली आपलाच कोणीतरी असतो. आडोशातून कोणी लंगडत आला, कोणी गळ्यात बांधलेला हात सांभाळत आला, आणि एक तर दोघांच्या खांद्यांवरून आला.

"कुठे पडली? कोणावर?" साहेब गडबडले.

झिबलनं अदबीनं बंडोपंतांकडे हात केला. "याइच्यावर, साहेब."