तिचा पहिला सामना

चार वाजून वीस मिनिटांनी मध्यंतर झालं आणि फुटबॉलच्या मैदानावरच्या निवेदकाच्या खोलीत सुरक्षारक्षकाने एका हरवलेल्या मुलीला आणून बसवलं.

"काका, मी नाही हरवले," ती ठसक्यात म्हणाली. "बाबाच हरवलेत. पहिल्यांदा मॅचला आणलं आणि गर्दीत हात सोडला. धांदरट कुठले!"

दर सामन्याला हरवलेली पोरं पुकारून निवेदकाने धास्तीच घेतली होती. "जगाच्या पोरांना पुकारतोस, आपल्या लेकीला कधी नेणार मैदानावर?" असं बायको विचारायची, तेव्हा "जरा मोठी होऊ दे," म्हणून तो विषय मिटवायचा. लेक दोन वर्षांची असताना बायको तिला घेऊन वेगळी झाली, पुढे तिने दुसरं लग्न केलं. त्याच्या वाट्याला उरले ते वाढदिवसाला मोबाइलवर येणारे फोटो. त्या फोटोंमुळेच आज त्याने मुलीला दारातच ओळखलं होतं.

"काका, बोलवा ना त्यांना," ती म्हणाली.



"निळ्या फ्रॉकमधली मुलगी सुखरूप आहे, तिच्या बाबांनी निवेदकाच्या खोलीत यावं," असं त्याने नेहमीच्या आवाजात सांगितलं. जिन्यात धावती पावलं वाजू लागली, तरी माइक बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं.