खरं सांगा

सुनेने लिहिणाऱ्यांसाठी एक ॲप बनवलं. आपलं लिखाण त्यात टाकायचं आणि इतरांनी अभिप्राय द्यायचा. मात्र अभिप्रायात नुसतं 'छान' लिहिलं, की फोन थरथरायचा आणि लाल अक्षरं यायची: 'छान म्हणून सुटू नका. खरं सांगा.'

दुसऱ्या दिवशी ते तिच्या साहेबांना दाखवायचं होतं. तिने आदल्या संध्याकाळी मला आणि मुलाला लॅपटॉपसमोर बसवलं.

"आई, अगदी मनापासून सांगा हं. मला मुळीच वाईट वाटणार नाही."

मी चष्मा लावला. "अगं, अक्षरं मुंगीएवढी आहेत. आणि अभिप्राय पाठवायचं बटण कुठे दडवून ठेवलंयस?"

"दडवलेलं नाही, आई. आजकाल डिझाइन असंच असतं."

"मलाही नाही सापडलं," मुलगा म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस! एक ओळ लिहिली आहेस का कधी जन्मात?" लॅपटॉप उचलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मी ॲप उघडलं. नवा प्रश्न आला होता, 'आमचं ॲप कसं वाटलं?' खाली एकच बटण होतं, मला चष्म्याशिवायही दिसेल एवढं मोठं:



'छान.'